96 तास: कन्हानच्या पाण्यात एका अंड्याचं घड्याळ

शनिवार, 16 जुलै 2022. नागपूरच्या उत्तरेला, कोराडी औष्णिक वीज केंद्राचा खसाळा इथला राखेचा बंधारा भर पावसात फुटला. राखेचं पाणी शिवारात पसरलं, कोलार नदीत उतरलं आणि कोलारमधून कन्हानमध्ये गेलं. नागपूरच्या मोठ्या भागाचे नळ कन्हानच्या पाण्यावर चालतात. म्हणून पहिली काळजी नळांची झाली आणि ते साहजिकच होतं.

या घटनाक्रमात दोन घड्याळं आहेत. पहिलं कॅलेंडरवर चालतं. त्यात इशारे आहेत, अधिसूचना आहेत, अहवाल आहेत. त्याला 48 वर्षं मिळाली. दुसरं माशाच्या अंड्याचं आहे. त्याला 96 तास मिळतात.

48 वर्षं आधी
1974. अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलायना राज्य, बेल्यूज तलाव. काठावर कोळशावर चालणारं वीज केंद्र सुरू झालं. राखेच्या बंधाऱ्यातलं वरचं, निवळलेलं पाणी तलावात सोडलं जाऊ लागलं. पाणी स्वच्छ दिसत होतं. मोठे मासे धडधाकट दिसत होते.

पाण्यात सेलेनियम होतं, लिटरमागे सुमारे 10 मायक्रोग्रॅम. ते शेवाळात गेलं, शेवाळ खाणाऱ्या किड्यांत गेलं, माशांत गेलं आणि मादीच्या गाबोळीत साठलं. काही वर्षांतच नवी पिल्लं दिसेनाशी झाली. तलावातल्या 20 जातींपैकी 19 जाती संपल्या. जी पिल्लं निघाली त्यांतल्या अनेकांचा कणा वाकडा होता, डोकं बेढब होतं, परांची वाढ अपुरी होती. 1980च्या दशकाच्या मध्यात केंद्रानं राखेचं पाणी तलावात सोडणं थांबवलं.

पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडे जे भारतीय मानक आहे, त्यात सेलेनियमची मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम आहे. म्हणजे 10 मायक्रोग्रॅम. माणसाच्या पेल्यात जेवढं चालतं, तेवढ्यात एका तलावाची वीण बंद पडली होती.

36 वर्षं आधी
1986. भोपाळनंतर दोन वर्षांनी पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याच्या नियमांत औष्णिक केंद्रांच्या सांडपाण्याचे निकष ठरले. राखेच्या बंधाऱ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी तीन गोष्टी मोजायच्या: आम्लता, तरंगते कण आणि तेल-ग्रीस. तरंगत्या कणांची मर्यादा लिटरमागे 100 मिलिग्रॅम. सेलेनियमसाठी त्यात रकाना नाही. आर्सेनिक आणि पाऱ्यासाठीही नाही.

29 वर्षं आधी
1993. याच नियमांत उद्योगांच्या सांडपाण्यासाठी सामान्य निकष जोडले गेले. त्यात एक जैविक चाचणी आहे: सांडपाण्यात मासे ठेवायचे आणि 96 तासांनी 90 टक्के जिवंत असले पाहिजेत.

चाचणी माशांवर आहे, अंड्यांवर नाही. ज्याचे कल्ले, यकृत आणि मूत्रपिंड तयार आहेत असा मासा विषारी पाण्यात चार दिवस तग धरू शकतो. त्याच पाण्यात त्याच जातीचं अंडं तग धरेल की नाही, हे या चाचणीतून कळत नाही. मासे ठेवायचे, अंडी नाही, हा निर्णय एका ओळीचा होता.

22 वर्षं 10 महिने आधी
14 सप्टेंबर 1999. केंद्र सरकारची राखेविषयीची पहिली अधिसूचना निघाली. राख विटांत, सिमेंटात, रस्त्यांत वापरावी, बंधाऱ्यात साठवत राहू नये, असा तिचा रोख होता. भारतीय कोळशात 30 ते 45 टक्के राख असते. दहा वाघिणी कोळसा आला की तीन ते साडेचार वाघिणी राख उरते आणि ती रोज कुठेतरी ठेवावी लागते. सोपी पद्धत जुनीच होती: राखेत पाणी मिसळायचं, पाइपातून बंधाऱ्यात सोडायचं आणि ती तळाशी बसू द्यायची.

13 वर्षं 6 महिने आधी
22 डिसेंबर 2008. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं किंगस्टन. रात्री एक वाजण्याच्या सुमारास वीज केंद्राच्या राखेच्या बंधाऱ्याची भिंत खचली. सुमारे 41 लाख घनमीटर राखेचा चिखल नदीच्या खाडीत आणि घरांवर गेला. ओल्या राखेचा बंधारा किती ओझं पेलतो आणि कसा फुटतो, याचं उदाहरण जगासमोर आलं.

9 वर्षं आधी
26 जुलै 2013. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेनं माशाच्या भ्रूणावरची विषचाचणी आंतरराष्ट्रीय पद्धत म्हणून स्वीकारली. क्रमांक 236. मासा झेब्राफिश, दक्षिण आशियातल्या ओढ्यांमधला, बोटाच्या पेराएवढा, अंगावर निळ्या पट्ट्या. चाचणीचा काळ 96 तास.

चाचणीची मांडणी साधी आहे. पारदर्शक प्लास्टिकची पाटी, तिच्यात 24 छोटे खळगे. प्रत्येक खळग्यात साधारण दोन मिलिलिटर पाणी आणि एकच अंडं. पाण्याच्या प्रत्येक पातळीसाठी 20 अंडी. दर 24 तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली चार गोष्टी पाहायच्या. अंडं गोठून पांढरं पडलं आहे का? पाठीचे खंड पडले नाहीत का? शेपूट बलकापासून सुटलं नाही का? हृदय धडधडत नाही का? चारांपैकी एका प्रश्नाचं उत्तर हो आलं की तो भ्रूण मृत धरायचा.

म्हणजे 2013 पासून पद्धत होती, खर्च फार नव्हता आणि प्रयोगशाळा होत्या. देशातली पर्यावरण अभियांत्रिकीची मोठी राष्ट्रीय संस्था, नीरी, 1958 पासून नागपुरातच आहे.

6 वर्षं आधी
2016. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी सेलेनियमची मर्यादा खाली आणली: वाहत्या पाण्यात लिटरमागे 3.1 मायक्रोग्रॅम, साठलेल्या पाण्यात 1.5. शिवाय पाण्याच्या मापाआधी गाबोळीतलं माप धरायचं ठरलं. विष कुठे मोजायचं याचं उत्तर बेल्यूज तलावानं चार दशकांपूर्वी दिलं होतं. नियमात यायला त्याला एवढी वर्षं लागली.

2 वर्षं 11 महिने आधी
7 ऑगस्ट 2019. मध्य प्रदेशातलं सिंगरौली. एका खासगी वीज केंद्राचा राखेचा बंधारा फुटला. पावसाळा होता.

6 ऑक्टोबर 2019. सिंगरौलीतच विंध्याचल केंद्राचा राखेचा बंधारा फुटला. राख रिहंद जलाशयाकडे गेली.

10 एप्रिल 2020. सिंगरौलीतच सासन केंद्राचा बंधारा फुटला. राखेच्या लोंढ्यात सहा जणांचा जीव गेला. त्यांत मुलं होती. हा पावसाळाही नव्हता.

एका जिल्ह्यात नऊ महिन्यांत तीन बंधारे फुटले. नागपूर दुसऱ्या राज्यात, पण राख साठवण्याची रीत दोन्हीकडे तीच.

8 महिने आधी
नोव्हेंबर 2021. नागपूरचं सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट, पुण्याचं मंथन अध्ययन केंद्र आणि असर या संस्थांनी कोराडी आणि खापरखेडा केंद्रांच्या परिसराचा अहवाल प्रसिद्ध केला. कोराडीत 660 मेगावॅटचे तीन संच, शिवाय जुने संच. खापरखेड्याची क्षमता 1,340 मेगावॅट. दोन केंद्रांमध्ये काही किलोमीटरचं अंतर.

गावांतलं पाणी आणि राख यांचे नमुने तपासले गेले होते. पाण्यात विषारी धातू आढळले. राख आणि राखेचं पाणी कोलार आणि कन्हानपर्यंत पोहोचत असल्याची नोंद अहवालात होती. बंधारा अजून फुटायचा होता. नदीत राख आधीच जात होती.

197 दिवस आधी
31 डिसेंबर 2021. राखेविषयीची नवी अधिसूचना आली. वापरली न गेलेल्या राखेवर टनामागे 1,000 रुपये भरपाई. बंधाऱ्यांत आधीपासून साचलेल्या राखेसाठी मुदत 10 वर्षं.

5 महिने आधी
फेब्रुवारी 2022. खापरखेडा केंद्राची राख नांदगावला नव्या बंधाऱ्यात टाकली जात होती. राज्याचे तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे नांदगावला आले आणि राख टाकणं थांबवण्याचे आदेश निघाले. एका बंधाऱ्याकडे लक्ष गेलं. जुने बंधारे जागेवर राहिले आणि पावसाळ्याला चार महिने उरले.

106 दिवस आधी
1 एप्रिल 2022. अधिसूचनेतली राखवापराची पहिली तीन वर्षांची मोजणी सुरू झाली.

45 दिवस आधी
1 जून 2022. दिवस मोठे झालेले, पाणी कोमट. रोहू, कटला आणि मृगळ यांच्या माद्यांच्या पोटात गाबोळी तयार होत होती. विदर्भात या तीन जाती तलावांत आणि धरणांत सोडतात आणि पुराच्या पाण्याबरोबर त्या नद्यांत उतरतात. रोहूची मादी वजनाच्या किलोमागे साधारण दोन ते तीन लाख अंडी देते. अंड्यातला बलक मादी आपल्या शरीरातून भरते. मागचे काही महिने तिनं जे खाल्लं, जे पाणी कल्ल्यांतून घेतलं, त्यातलं काही त्या बलकात उतरतं.

कन्हानच्या काठावर मासेमारी करणाऱ्या ढिवर कुटुंबांना पुढचं ठाऊक असतं. मोठा पाऊस पडला, नदी गढूळ होऊन काठाबाहेर आली की मासे चढणीला लागतात. उथळ पाण्यात, बुडालेल्या गवतात वीण होते.

काही दिवस आधी
जुलै 2022चा दुसरा आठवडा. विदर्भात जोरदार पाऊस. माशांसाठी हा विणीचा इशारा असतो. राखेच्या बंधाऱ्यासाठी तोच पाऊस ओझं असतो. आत पाणी चढतं, भिंत आतून भिजते आणि राखेचा थर पुन्हा चिखल होतो. दोन्ही गोष्टी एकाच ढगाखाली चालू होत्या.

16 जुलै 2022
बंधारा फुटला.

इथून पुढचं घड्याळ अंड्याचं. वेळा झेब्राफिशच्या आहेत, कारण त्याच्या भ्रूणाची वाढ 28.5 अंश तापमानाला मिनिटांच्या हिशेबानं नोंदलेली आहे. रोहू-कटल्याचं अंडं याच पायऱ्या, याच क्रमानं, पण कितीतरी भरभर चढतं. पाणी राखेचं आहे असं धरू.

तास 00:00
मादी अंडी सोडते, नर त्यावर शुक्रजल सोडतो. शुक्रजंतू पाण्यात जेमतेम एक-दोन मिनिटं हलतात. अंड्याच्या कवचाला एकच बारीक छिद्र असतं. शुक्रजंतू तिथूनच आत जातो आणि मग छिद्र मिटतं.

लगेच अंडं पाणी ओढायला लागतं. कवच बलकापासून सुटतं आणि फुगतं. रोहूचं अंडं भिजवलेल्या साबुदाण्यासारखं टपोरं आणि पारदर्शक होतं, चार-पाच मिलिमीटरचं. हे पाणी एकदाच आत घेतलं जातं आणि भ्रूण त्यातच वाढतो. नदीत त्या घटकेला जे असेल तेच आत जातं. शिसं, कॅडमियम, तांबं यांचे कण कवचाला चिकटतात, काही आत झिरपतात.

तास 00:45
एका पेशीच्या दोन झाल्या.

तास 01:00
चार.

तास 01:15
आठ.

तास 01:30
सोळा. प्रयोगशाळेत या वेळेपर्यंत भ्रूण चाचणीच्या पाण्यात गेलेला असावा लागतो, कारण सगळ्यात नाजूक तास हेच आहेत. नदीत तो पहिल्या सेकंदापासूनच त्या पाण्यात आहे.

तास 02:00
चौसष्ट. राखेचे कण हलके आणि बारीक, काही पिठाहून बारीक. रोहू-कटल्याची अंडी चिकट नसतात, ती तळालगत पाण्याबरोबर हलत राहतात. राखेच्या पाण्यात कण अंड्यावर बसतात. अंड्याला ना कल्ले, ना रक्त. प्राणवायू कवचातून जिरेल तेवढाच. कवचावर थर बसला की तोही कमी होतो.

तास 03:00
सुमारे एक हजार पेशी. इथपर्यंत भ्रूण आईनं अंड्यात ठेवलेल्या सूचनांवर चालला. आता त्याची स्वतःची जनुकं जागी होतात. पुढच्या प्रत्येक अवयवाचा आदेश इथून सुटतो. पेशींच्या विभाजनाचा ताल एकसारखा असावा लागतो. जड धातू हाच ताल बिघडवतात. बिघाड इतका लहान असतो की सूक्ष्मदर्शकाखालीही अंडं ठीक दिसतं.

तास 05:15
पेशींचा पडदा बलकावरून खाली उतरतो आहे. अर्धा बलक झाकला गेला.

तास 06:00
पडद्याच्या काठावर एका बाजूला पेशींची दाटी होते. पाठ कुठे आणि पोट कुठे, हे इथे ठरतं.

तास 10:00
बलक पूर्ण झाकला गेला. शेपटीचा कोंब दिसतो. ज्या अंड्यांना हे साधलं नाही, ती या सुमारास पांढरी पडायला लागतात. ढिवर असं अंडं एका नजरेत ओळखतो: स्वच्छ काचेसारखी अंडी जिवंत, दुधाळ अंडी मेलेली.

तास 10:20
पाठीचा पहिला खंड. नंतर साधारण दर अर्ध्या तासाला एक. याच खंडांतून पुढे मणके आणि स्नायू घडतात. खंड वाकडा पडला तर मणका वाकडा होतो. त्याची दुरुस्ती पुढे कुठल्याही तासाला होत नाही.

तास 17:00
शेपूट पहिल्यांदा फडफडतं. रोहूच्या अंड्यात या वेळेपर्यंत पिल्लू बाहेरही आलेलं असतं. 26 ते 31 अंश तापमानात रोहूचं अंडं 14 ते 18 तासांत फुटतं. पुराचं पाणी फार काळ टिकत नाही, म्हणून निसर्गानं त्याला ही घाई दिली. राखेच्या पाण्यात हीच घाई त्याच्याविरुद्ध जाते, कारण नदी निवळायला अठरा तास पुरत नाहीत.

तास 24:00
हृदय धडधडू लागतं. प्रयोगशाळेतली पहिली तपासणी. चार प्रश्नांपैकी तीन आत्ता विचारतात: गोठलं का, खंड पडले का, शेपूट सुटलं का.

तास 36:00
रक्त फिरतं आहे. हृदयाचे दोन कप्पे ठरलेल्या आकारात वळायचे असतात. तेलातली आणि कोळशाच्या धुरातली बहुवलयी हायड्रोकार्बन पेशीतल्या पोटॅशियम आणि कॅल्शियमची ये-जा बिघडवतात. ठोका मंदावतो, हृदयाभोवती पाणी भरतं.

24 मार्च 1989 रोजी मध्यरात्रीनंतर चार मिनिटांनी एक्सॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज अलास्कात खडकावर चढलं. काठावरच्या खडीत सामन माशांची अंडी होती. तेल लागलेल्या ओढ्यांमध्ये भ्रूणांचं मरण नेहमीपेक्षा जास्त असल्याचं पुढे चार वर्षं, 1993 पर्यंत, नोंदलं गेलं. मोठे मासे त्याच ओढ्यांत पोहत होते.

तास 48:00
दुसरी तपासणी झालेली. आता बाहेर पडायची वेळ. पिल्लाच्या ग्रंथींमधून एक विकर सुटतं आणि कवच आतून विरघळवतं. या विकराच्या गाभ्यात जस्ताचा अणू असतो. दुसरे धातू त्याच्या कामात अडथळा आणतात. तांबं आणि कॅडमियम यांच्या संपर्कात अंडी उशिरा फुटल्याचं, काही फुटलीच नसल्याचं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. पिल्लू पूर्ण वाढलेलं असतं, हृदय चालू असतं आणि ते कवचातच गुंडाळलेलं राहतं.

तास 72:00
निरोगी पिल्लं बाहेर आली. तोंड पुढे आलं, पण अजून खाणं नाही. बलकाची पिशवी पोटाला लटकते आहे आणि पिल्लू त्यावरच जगतं.

सेलेनियमचं काम इथे सुरू होतं. ते गंधकाच्या जागी प्रथिनांत शिरलेलं असतं, आईच्या शरीरातच. बलक जसजसा वापरला जातो, तसतसं ते पिल्लाच्या घडणाऱ्या ऊतींत जातं. पाणी आज स्वच्छ झालं तरी फरक पडत नाही, कारण विष बाहेरून येत नाही, शिदोरीतूनच येतं. म्हणून 16 जुलैच्या लोंढ्याइतकंच महत्त्व त्याआधीच्या महिन्यांत आणि वर्षांत कोलार-कन्हानमध्ये झिरपलेल्या राखेला आहे. लोंढा बाहेरून अंड्यावर येतो. झिरपण आईमार्फत आतून येते.

तास 96:00
चाचणी संपली. तक्त्यावर संख्या लिहिली जाते. चाचणी ग्राह्य ठरायची तर स्वच्छ पाण्यातली किमान 90 टक्के अंडी जगलेली असावी लागतात.

वाकड्या कण्याचं पिल्लू जिवंत असेल तर या तक्त्यात जिवंत धरलं जातं. पण पुढच्या काही तासांत त्याला पृष्ठभागापर्यंत पोहून हवा घ्यावी लागते, तरच पोटातली हवेची पिशवी भरते. ती भरली नाही तर तरंगता येत नाही. तरंगता आलं नाही तर तोंडासमोरचा सूक्ष्मजीव पकडता येत नाही. बलक संपतो. मोठा मासा मेला की पोट वर करून तरंगतो, फोटो निघतो, पंचनामा होतो. चार मिलिमीटरचं पिल्लू तळाशी जातं आणि राखेत मिसळतं.

2 वर्षांनी
रोहू दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी विणीला येतो. एका जुलैची पिढी गेली तर ते त्या जुलैच्या जाळ्यात दिसत नाही. दोन-तीन वर्षांनी जाळं हलकं येतं. तेव्हा कारणं अनेक सांगता येतात: पाऊस कमी, मासेमारी जास्त, पाणी उशिरा सुटलं. त्या शनिवाराचं नाव कुणी घेत नाही, कारण त्या शनिवारची कुठलीच अंडी कुणाच्या वहीत नसतात. कन्हान पुढे वैनगंगेला मिळते. तिच्यावर गोसीखुर्दचा जलाशय आहे आणि त्यावर पोट असलेली शेकडो कुटुंबं आहेत. मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली असा वाढीचा प्रत्येक टप्पा मत्स्यव्यवसायात विकत घेतला आणि विकला जातो. त्याला भाव आहे. नदीत आपोआप येणाऱ्या बीजाला भाव लावलेला नाही, म्हणून त्याचं नुकसान भरपाईच्या कागदावर येत नाही.

आता
96 तास हा आकडा आपल्या कायद्यात 1993 पासून आहे. त्या खळग्यात कुणाला ठेवायचं, एवढंच बदलायचं आहे. मोठ्या माशाच्या जोडीला त्याचं अंडं ठेवा. राखेच्या बंधाऱ्यातून झिरपणाऱ्या पाण्याची भ्रूणचाचणी दर वर्षी मे महिन्यात करा, विणीच्या आधी, आणि निकाल गावाच्या चावडीवर लावा. निकषांच्या यादीत सेलेनियम, आर्सेनिक आणि पारा यांचे रकाने उघडा. जून ते सप्टेंबर या काळात जुन्या बंधाऱ्यांच्या भिंतींची तपासणी रोज व्हावी, तिची नोंद जाहीर असावी. आणि बंधारा फुटलाच तर पंचनाम्याला जाणाऱ्या पथकात अंडी गोळा करणारा एक माणूस पहिल्या दिवशीच असावा. चौथ्या दिवशी पोहोचून उपयोग नाही, तोवर 96 तास संपत आलेले असतात.

यातल्या एकाही गोष्टीसाठी नवं विज्ञान लागत नाही. बेल्यूज तलावाचा धडा जवळपास पन्नास वर्षं जुना आहे, चाचणीची पद्धत 2013 पासून छापील आहे आणि ती करू शकणारी माणसं नागपुरातच बसतात. कोराडी आणि खापरखेड्याला रोज कोळसा येतो, रोज राख निघते. कन्हानमध्ये दर जुलैला मासे चढणीला लागतात. पुढच्या पावसाळ्याआधी किती दिवस उरले आहेत, हे जिल्हा प्रशासनाला, प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि वीज केंद्राला आजच मोजता येईल. ते मोजून कामाला लागणं ही त्यांची जबाबदारी आहे आणि ते मोजायला लावणं ही नागपूरकरांची.